टाकीवरच्या चव्हाणबाई

“चाल, टाकी पाहू,” असं चव्हाणबाई म्हणाल्या की आम्हा सिस्टरांपैकी समोर असेल ती हातातलं काम टाकून उठायची. उपकेंद्राच्या मागच्या भिंतीला लोखंडी शिडी, शिडी चढलं की गच्ची आणि गच्चीवर पाण्याची काळी प्लास्टिकची टाकी. आर्णी तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्राखाली जेवढी उपकेंद्रं होती, त्या सगळ्यांचा नकाशा हाच. बाईंचं वय तेव्हा छप्पन्न. गुडघे कुरकुरायचे, तरी पदर कमरेला खोचून त्या आधी चढायच्या आणि वरून हात द्यायच्या. जिला हात मिळाला तिचं आज काहीतरी चुकलंय, हे खाली बसलेल्या आशाताईंनाही ठाऊक असायचं. पण काय चुकलं, हे मात्र कधीच कुणाला कळलं नाही.

चव्हाणबाई आरोग्य सहाय्यिका होत्या. म्हणजे गावोगावी बाळंतपणं, लसीकरण आणि गरोदर बायांची तपासणी करायची ती आम्ही सिस्टरांनी, आणि ते काम नीट चाललंय की नाही हे पाहायचं बाईंनी. दुसऱ्याचं काम पाहणारी माणसं मी भरपूर पाहिलीत. चूक दिसली की त्यांना आधी प्रेक्षक लागतात. माझ्या पहिल्या नोकरीत एका साहेबांनी लसीकरणाला आलेल्या सगळ्या बायांसमोर मला विचारलं होतं, “तुम्हाला सुई धरता येत नाही का?” सुई कशी धरायची ते काही त्यांनी सांगितलं नाही. बरं, त्यांनाही ते येत असेल असं मला आजपर्यंत वाटलेलं नाही.

बाईंना मी एकदा विचारलं, की बोलायला एवढं वर कायले जायचं? त्या म्हणाल्या, “खाली एकच खोली. त्यात पेशंट, पेशंटची सासू, सासूची जाऊ. तुले मी इथं काही बोलली त उद्या गावात तुह्या हातची सुई कोनी घेईन का?” आणि टाकी हे निमित्त असलं तरी त्या टाकी खरंच पाहायच्या. झाकण उचलून आत डोकावायचं, शेवाळ असेल तर “हे धुऊन घे” म्हणायचं आणि मग झाकणावर हात ठेवून मुद्द्यावर यायचं. त्यामुळे त्यांच्या हद्दीतलं पाणी जिल्ह्यात सगळ्यात स्वच्छ असणार, अशी आमची थट्टा चालायची. फोनवर सिस्टरा एकमेकींना विचारायच्या, “तुही टाकी झाली का या महिन्यात?”

बाई मूळच्या बंजारा तांड्यावरच्या. त्यांच्या आजोबांच्या आजोबांनी बैलांवरून मीठ वाहिलं, आणि बाईंच्या पिशवीत अजूनही मीठ असायचं. त्याचं कारण मात्र वेगळं. एक किलो मिठाचा न फोडलेला पुडा त्या कायम बरोबर ठेवायच्या. उपकेंद्रात आल्या की रजिस्टर मागायच्या आधी तो पुडा बाळांच्या वजनकाट्यावर ठेवायच्या. काटा एक किलोच्या आसपास आला की मान हलवायच्या. “आधी काट्याले इचारू, मंग सिस्टरले,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काटा बिघडलेला निघाला तर त्या दिवशी सिस्टरची सुटका, आणि काटा बदलून येईपर्यंत स्टोअरवाल्याच्या डोक्याशी कटकट.

एरवी बाईंचा आवाज खणखणीत. एसटीच्या कंडक्टरशी, पाणी न सोडणाऱ्या ग्रामपंचायतीच्या शिपायाशी, आमच्या नवऱ्यांशीसुद्धा त्या चढ्या आवाजात बोलायच्या. काळा चहा प्यायच्या आणि दुधाचा चहा करणाऱ्याला “दुधाचे पैसे नाईत म्हनून नाई, मले काळाच लागते!” असं ऐकवायच्या. मोबाइलमधल्या सरकारी ॲपशी त्यांचं हाडवैर होतं. माहिती भरता भरता पडदा काळा झाला की त्या फोन उलटा करून झटकायच्या. पण टाकीपाशी गेल्या की हा आवाज खाली यायचा, आणि पहिलं वाक्य नेहमी तेच, “आधी तू सांग.” आपण सांगून झालं की त्या जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलायच्या. ‘तू आळशी आहेस’ असं कधी नाही. ‘मंगळवारी लसीच्या डब्यातलं थर्मामीटर टेबलावर होतं’, असं. आणि एका वेळी एकच गोष्ट. दुसरी काढायला गेलं तर म्हणायच्या, “एका चढाईले एकच. माहे गुडघे त्याच्यावर उचलत नाईत.”

आता कुणाला वाटेल, बाई जन्मतःच शहाण्या होत्या. तसं काही नव्हतं. आमच्यात नंदा सिस्टर म्हणून एक जुन्या होत्या, कामाला वाघीण पण नाकावर राग. लस टोचली की त्या बाळाला लगेच घरी पिटाळायच्या. खरं तर अर्धा तास बसवून ठेवायचं असतं, बाळाला काही त्रास झालाच तर आपल्या डोळ्यांसमोर व्हावा म्हणून. नंदाताई दुखावतील या भीतीने बाई टाकीवर त्यांना म्हणाल्या, “तुह्याकडं गर्दी लवकर उठते, नाई? बाकीच्याइकडं बसून राहते.” नंदाताई खाली आल्या त्या फुलूनच. “बाई म्हनल्या, माहं काम फटाफट हाय!” पुढच्या खेपेला तर बाळं दारातूनच परत जाऊ लागली.

बाईंनी कपाळावर हात मारला. पुढच्या भेटीत आम्हा चौघींसमोरच त्या म्हणाल्या, “हे चूक माही. मी गुळात गोळी देली. हिनं गूळ खाल्ला, गोळी थुकली. हिचा काय दोष?” मग नंदाताईंना वर नेऊन साफ सांगितलं, की लेकराला अर्धा तास बसव, आजपासून. नंदाताई दोन दिवस फुगून होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरून सतरंजी आणली आणि ओसरीत अंथरली. त्या सतरंजीवर आता आयांची अशी मैफल जमते की अर्ध्या तासाने उठवावं लागतं.

आता माझी गोष्ट. ती सांगायला मला अजून जड जातं, पण ती वगळून बाईंबद्दल लिहिणं म्हणजे लबाडी होईल.

दर महिन्याला आरोग्य केंद्रात आमची बैठक असायची. डॉक्टर तरुण, हुशार, माणूस म्हणून चांगले, पण वरून फोन आला की घाम फुटणारे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळं जिच्या उपकेंद्रात जास्त, तिला ते उभं करायचे. “नऊ महिने काय करत होता? गोळ्या दिल्या नाहीत? आहार सांगितला नाही?” बाळ कमी वजनाचं जन्मायला आईचं अंग, तिचं खाणं, कापूस वेचायला वाकलेली तिची कंबर, सगळं कारण असतं. पण उभी आम्ही राहायचो. दोन बैठकांत उभी राहिल्यावर मला एक युक्ती सुचली, आणि मला कळलं की ती माझ्याआधी बऱ्याच जणींना सुचली होती. बाळ दोन किलो तीनशेचं भरलं तरी रजिस्टरात आणि आईच्या कार्डावर लिहायचं, अडीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. महिना शांततेत जायचा.

एका बुधवारी बाई आल्या. मिठाचा पुडा काट्यावर ठेवला, बरोबर एक किलो आला. मग रजिस्टर उघडलं आणि बराच वेळ पान उलटलं नाही. त्यांचं बोट एकाच रकान्यातून वरून खाली गेलं, पुन्हा वर आलं. “चाल, टाकी पाहू.”

वर गेल्यावर त्यांनी त्या दिवशी झाकण उचललं नाही. म्हणाल्या, “काटा खरा हाय. अकरा लेकरं झाली, त्यातली सात बराब्बर अडीच. देवानं मोजून पाठवली का?”

मी आधी रडले, मग भांडले. बैठकीत उभं राहणं काय असतं ते तुम्हाला काय ठाऊक, म्हणाले. सगळ्याच लिहितात, म्हणाले. झाकली मूठ वगैरेही म्हणाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मूठ झाकली त हात धुता येत नाई, वैशाली. मले एक सांग. त्या सातातलं खरं वजन तुले कोनाकोनाचं ध्यानात हाय?”

मला सातही वजनं पाठ होती. हीच तर गंमत होती, एकही मी विसरले नव्हते. मी एकेक सांगत गेले आणि शेवटचं नाव आलं, शांता पवार, तांड्यावरची, मुलगी, दोन किलो शंभर.

“कवाची?”

“आज नववा दिवस.”

बाई शिडीकडे वळल्यासुद्धा. “रागवाचं मंग पाहू. बसव मले गाडीवर.”

तांडा रस्त्यापलीकडे, चार किलोमीटरवर. माझ्या स्कूटीवरून आम्ही दोघी तिथे पोचलो. शांताच्या घरी बाळ पाळण्यात होतं, नुकतं न्हाऊ घातलेलं. बाईंनी आधी पाय हातात घेतले. पाय गार होते. बाळाला जागं केलं तर ते डोळे उघडून पुन्हा मिटायचं, दूध ओढायची ताकदच नव्हती त्याच्यात. माझ्या पिशवीतल्या झोळीच्या काट्यावर घातलं तर एक किलो नऊशे. दोन किलोच्या आतलं, थंड पडलेलं बाळ, आणि मी त्याच्या घरी सांगून आले होते की सगळं ठीक आहे.

शांताची सासू गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, काहीतरी बोलत होती. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “कार्डावर अडीच लिहलं हाय न, सिस्टर? अडीच म्हंजे चांगलं, असं आशानं सांगतलं. म्हनून आम्ही न्हाऊ घातलं.”

मला वाटलं, आता बाई माझ्याकडे पाहतील. त्यांनी पाहिलं नाही. त्या शांताला, त्यांच्या बोलीत आईला म्हणतात तसं, म्हणाल्या, “याडी, पोलका सोड,” आणि बाळाचे कपडे काढून त्याला आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवलं. टोपी घातली, वरून लुगडं गुंडाळलं आणि वर स्वतःची शाल. शांताचं दूध वाटीत काढून चमच्याने थेंब थेंब पाजायला सासूला शिकवलं. तोवर मी फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली होती.

गाडी यायला वेळ होता. बाई म्हणाल्या, “वैशाली, कार्ड घे. यवतमाळच्या डॉक्टरले खरं वजन लागन.” मी पेन काढून अडीच गिरगटून टाकायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. “खोडू नको. एक रेघ मार. खालचं वाचता आलं पायजे. वर खरं लिही, सही कर.” मी रेघ मारली, लिहिलं, सही केली. “आता हिले सांग.”

शांता तेव्हा वीस-बावीसची असेल. मी तिला सांगितलं, की वजन कमी होतं, मी जास्त लिहिलं, चूक माझी आहे. ती माझ्याकडे पाहत राहिली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने शाल बाळावर आणखी वर ओढून घेतली.

गाडीत बाई हळूच म्हणाल्या, “हे मी डॉक्टरले सांगनारच हाय. पन तू आधी सांगशीन त तुह्या तोंडून जाईन.” त्यांनी मला वाचवायचा प्रयत्न केला नाही, हे मी आज कौतुकाने सांगते; तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. मी डॉक्टरांना सांगितलं. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिचं उत्तर लिहायला बाई माझ्या घरी आल्या, आणि “परिस्थितीमुळे” हा शब्द मी तीनदा लिहिला तो तिन्ही वेळा त्यांनी काढायला लावला.

बाळ बारा दिवसांनी यवतमाळहून घरी आलं. मी रोज जायचे, कुणी न सांगता. बाळ वाढत होतं. पहिल्यांदा काटा अडीचवर गेला तेव्हा मी तांड्यावरच्या बायांसमोर ढसाढसा रडले, आणि शांताच्या सासूने मला पाणी आणून दिलं.

पुढच्या बैठकीत मी सातही बाळांची खरी वजनं वाचून दाखवली. मग नंदा सिस्टर उठल्या, म्हणाल्या, “माह्याकडची चार.” मग आणखी एक उठली. डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला, आणि मग आवाज चढला. “म्हणजे इतके महिने मला खोटी माहिती दिली? मी वर काय तोंड दाखवू?” ते एकेकीला उभं करू लागले.

चव्हाणबाई मागच्या खुर्चीवरून उठल्या. खणखणीत आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, “सर, टाकी पाहू?”

हॉलमध्ये कुणी हसलं नाही, हे नवल. डॉक्टरांना टाकी प्रकरण ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण बाईंचा चेहरा पाहून ते गेले. आरोग्य केंद्राची शिडी जरा उंच आहे. बाई आधी चढल्या आणि त्यांनी वरून हात दिला, एवढं आम्ही खिडकीतून पाहिलं. नंदाताई म्हणाल्या, “आता सरचे पन गुडघे जातीन.” वीस मिनिटांनी दोघं खाली आले. सरांच्या पँटला गंज लागला होता. ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “कमी वजनाचं बाळ सापडलं म्हणून यापुढे कुणाला उभं करणार नाही. त्याच्या घरी किती वेळा गेलात, ते विचारीन.”

त्यांचं वर काय बोलणं झालं, ते बाईंनी कधी सांगितलं नाही. आम्ही खोदून खोदून विचारलं. “टाकीत शेवाळ होतं,” एवढंच म्हणाल्या.

आमच्या यादीत मग कमी वजनाची बाळं एकदम वाढली. वरून डॉक्टरांना फोन आला, की तुमच्याकडेच एवढी कशी? मी तेव्हा सही घ्यायला त्यांच्या टेबलापाशी उभी होते. त्यांना घाम फुटला होता, तो मी पाहिला. पण ते म्हणाले, “सर, आधीही होतीच. आता दिसायला लागली.” आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाले, “हे बाईंना सांगू नका, डोक्यावर बसतील.” मी अर्थातच सांगितलं.

दीडेक वर्षाने बाई निवृत्त झाल्या. त्याच हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला, शाल, श्रीफळ, फोटो. लसीकरणाचाही तोच दिवस होता, म्हणून ओसरीतल्या बायाही आपापली लेकरं घेऊन आत येऊन बसल्या. भाषणं झाली. जो उठेल तो बाईंना माउली म्हणत होता, मीसुद्धा म्हटलं. बाई चुळबुळ करत होत्या. शेवटी त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सगळे गोडच बोलले. सदतीस वर्षं नोकरी केली, काही त चुकलं असन. आता कोनीतरी ते सांगा. उद्यापासून मले कोन सांगनार?”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, वाट पाहत उभ्या राहिल्या. हसू विरलं. डॉक्टर हारातली फुलं चिवडू लागले.

मागून शांता पवार उठली. पोरीला बूस्टरचा डोस द्यायला आली होती, पोरगी कडेवर होती. बाईंशी ती नेहमी गोरबोलीत बोलायची, आज मराठीत बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून.

“बाई, तुम्ही नवव्या दिवशी आल्या. पन तिसऱ्या दिवशी तुम्ही तांड्यावरून गेलत्या, दुसऱ्या गावाले. मी दारात हिले घेऊन उभी होती. तुम्ही हात केला, थांबल्या नाईत. थांबल्या असत्या त माहे ते सहा दिवस तसे गेले नसते.”

कुणीतरी तिला खाली बसवायला हात पुढे केला. डॉक्टर म्हणाले, “अहो, आज नको…” बाईंनी नुसता तळवा उचलला आणि ते गप्प झाले. मला वाटलं, बाई म्हणतील, त्या दिवशी दुसरीकडे शिबिर होतं. शिबिर होतंच, मला माहीत होतं.

“थांबाले पायजे होतं,” बाई म्हणाल्या.

त्यांनी शाल खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली आणि हार, नारळ, आम्ही सगळे तिथेच सोडून, गुडघे धरत मंचावरून खाली उतरल्या. मागे जाऊन शांताशेजारी सतरंजीवर बसल्या आणि पोरीला मांडीवर घेतलं. फोटोवाला हाका मारत राहिला. मी पाणी घेऊन गेले, तेव्हा बाईंचे डोळे भरलेले होते आणि चेहरा मात्र इतका मोकळा, की तसा मी कधी पाहिला नव्हता. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या शांताला म्हणत होत्या, “आनखी सांग.”